उमेदवाराचं हिरवं पत्रक कसं वाचायचं: पंचगंगेपासून शेतीपंपापर्यंत

प्रश्न: भोगावतीच्या काठावर आमचं गाव आहे. विधानसभेला उभा राहणारा एक उमेदवार यावेळी पर्यावरण आणि वीज या दोनच विषयांवर मतं मागतोय. पत्रकात सहा गोष्टी आहेत. पंचगंगा दोन वर्षांत प्रदूषणमुक्त, शेतीला कायम मोफत आणि दिवसा वीज, पश्चिम घाटाच्या ‘इको सेन्सिटिव्ह’ (पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या) अधिसूचनेला विरोध, पाटगावच्या पंप स्टोरेज प्रकल्पाला विरोध, इथेनॉलला प्रोत्साहन आणि अलमट्टीची उंची वाढू न देणं. साखर कारखाने, फौंड्र्या आणि पाणीयोजनांचं ऊर्जा लेखापरीक्षण हे तुमचं काम. ही भूमिका किती खरी मानायची? शिवाय त्याचे कार्यकर्ते ‘घरावर सोलर बसवून देतो’ म्हणून कागदपत्रं मागताहेत. द्यावीत का?

उत्तर: उमेदवार कोण, कुठल्या पक्षाचा, हे तुम्ही लिहिलं नाहीत ते बरं केलंत. माणूस माहीत नसला की कागद नीट वाचता येतो.

पत्रक हातात आलं की मी एकच गोष्ट शोधतो. यातल्या कुठल्या वाक्यामुळे या माणसाचं स्वतःचं एखादं मत जाणार आहे? ज्या वाक्यानं इथला कुणीच नाराज होत नाही ती भूमिका नव्हे, तो चौकातला शुभेच्छांचा फलक. या मापानं सहातली अलमट्टी आधी बाजूला काढतो, कारण ती सगळ्यांत स्वस्त आहे.

कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाची सध्याची पूर्ण संचय पातळी 519.60 मीटर. न्यायमूर्ती ब्रिजेशकुमार यांच्या अध्यक्षतेखालच्या कृष्णा पाणी तंटा लवादानं 2010 च्या निवाड्यात ती 524.256 मीटरपर्यंत न्यायला कर्नाटकला मुभा दिली. महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे, आणि हा मामला दिल्लीच्या पातळीवरचा आहे. आमदार त्यात फार तर सभागृहात ठराव मांडेल, एखादं निवेदन देईल. मागणी चुकीची आहे असं माझं म्हणणं नाही. बॅकवॉटरचा अभ्यास दोन्ही राज्यांनी मिळून, आकडे उघड ठेवून व्हायला हवा. पण बागलकोट-विजापूरचा मतदार इथं मतदानाला येत नाही, म्हणून हे वाक्य प्रत्येक पत्रकात असतं.

पुराची जी बाजू इथली मतं घालवू शकते ती पत्रकात आहे का बघा. 2019 आणि 2021, दोन्ही वर्षी पंचगंगेवरच्या, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं. इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग दोन्ही वेळा बंद पडला. 2019 नंतर राज्य सरकारनंच नेमलेल्या वडनेरे समितीनं पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही, आणि पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांकडं स्पष्ट बोट दाखवलं. आपल्याकडं निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत मुरमाचा भराव पडतो, मग कंपाउंड होतं, मग मंगल कार्यालय उभं राहतं. नदीच्या पसरण्याच्या जागेत घातलेल्या प्रत्येक डंपरचं पाणी कुणाच्या तरी दारात चढतं. भराव घालणारा, डंपरवाला, प्लॉट घेणारा, सगळे इथले मतदार, त्यातले काही निवडणुकीला खर्च करणारेही. उमेदवार अलमट्टीवर बोलला की त्याला विचारा, निळ्या रेषेतल्या भरावाचं काय? उत्तर द्यायला किती वेळ घेतो त्यावरून बरंच कळेल.

आता पंचगंगा. इथं जरा थांबावं लागेल, कारण ‘दोन वर्षांत प्रदूषणमुक्त’ हे वाक्य लिहिणाऱ्याला नदी कशी नासते हे एकतर माहीत नाही, किंवा माहीत असून सांगायचं नाही.

कासारी, कुंभी, तुळशी आणि तुमची भोगावती प्रयाग चिखलीला एकत्र येतात तेव्हा पाणी बऱ्यापैकी असतं. खाली नृसिंहवाडीला कृष्णेत मिळेपर्यंत त्यात कोल्हापूर शहराचं मैलापाणी येतं, औद्योगिक वसाहतींचं आणि इचलकरंजीच्या प्रोसेसिंगचं रंगीत पाणी येतं, हंगामात साखर कारखान्यांचं मळीमिश्रित पाणी येतं आणि काठावरच्या गावांची गटारं येतात. शहरासाठी कसबा बावड्याला 76 दशलक्ष लिटरचं आणि दुधाळीला 17 दशलक्ष लिटरचं प्रक्रिया केंद्र आहे. म्हणजे यंत्रणाच नाही अशी स्थिती नाही. अडचण वेगळी आहे, आणि ती माझ्या धंद्यातली असल्यामुळे मला ती आधी दिसते. प्रक्रिया केंद्र बांधायला पैसे दिल्ली-मुंबईच्या योजनेतून येतात. ते चालवायचं लाईट बिल मात्र दरमहा इथल्या तिजोरीतून जातं. नाल्याचं पाणी उचलणारे उपसा पंप आणि टाकीत हवा सोडणारे ब्लोअर, या दोघांचाच विजेच्या खर्चात मोठा वाटा असतो. ब्लोअर चार तास बंद ठेवले तर बिल लगेच कमी दिसतं आणि बाहेरून कुणाला काही कळत नाही. टाकीतले जिवाणू मात्र गुदमरतात. उपसा केंद्राची वीज गेली आणि जनरेटरला डिझेल नसलं, तर नाला बंधाऱ्यावरून सरळ नदीत उतरतो.

त्यामुळं ‘नवीन प्रकल्प आणू’ असं म्हणणाऱ्यापेक्षा ‘आहे ते केंद्र चोवीस तास चालवायला वर्षाला इतके पैसे लागतात, ते मी अमुक ठिकाणाहून आणेन’ असं म्हणणारा उमेदवार मला शंभर पटींनी गंभीर वाटेल. असा अजून भेटलेला नाही. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटी मिळतात, पण तो निधी बांधकामाचा. त्यातून महिन्याचं वीजबिल भागत नाही.

दुसरी गोष्ट बंधाऱ्यांची. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे ही आपली शान आहे, राज्यभर त्याच नावानं ते ओळखले जातात. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे फळ्या, घालायचे, पाणी अडवायचं, पुढच्या पावसाआधी बरगे काढायचे. शेतीसाठी उत्तम सोय. पण बरगे पडतात त्याच सुमारास गाळप हंगाम सुरू होतो आणि नदीचा प्रवाहही तेव्हाच ओसरतो. थांबलेल्या पाण्यात वरून मैला आणि मळी आली की प्राणवायू संपतो. अंघोळीलायक नदीत जैविक ऑक्सिजन मागणी लिटरला 3 मिलिग्रॅमच्या आत आणि विरघळलेला प्राणवायू किमान 5 मिलिग्रॅम असावा लागतो. घरगुती मैलापाण्याची मागणी दोनशेच्या आसपास असते. आसवनीतून (डिस्टिलरीतून) निघणाऱ्या कच्च्या मळीची चाळीस हजारांच्या पुढं. म्हणजे मळीचा एक टँकर म्हणजे गटाराचे दोनशे टँकर. तेरवाडच्या बंधाऱ्यावर मासे मेलेले दिसतात ते यामुळं.

मासे मेले की दरवेळी ठरलेला क्रम असतो. आंदोलन, पंचनामा, पाण्याचे नमुने, नोटीस. मग मागणी होते की राधानगरीतून पाणी सोडा आणि नदी वाहती करा. पाणी सुटतं, घाण पुढं शिरोळ तालुक्यात ढकलली जाते. हे सोडलेलं पाणी कुणाचं? भोगावतीच्या काठावरच्या तुमच्याच आवर्तनातलं. उन्हाळ्यात ऊस वाळायला लागला की तुम्हीच पाण्यासाठी रस्त्यावर येणार. तेव्हा तुमच्या गावानं हा प्रश्न विचारायलाच हवा: नदी धुवायला आमचं पाणी वापरणार, की घाण सोडणाऱ्याला अडवणार? दुसरं म्हणायचं असेल तर कुठल्या कारखान्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून मिळणारं संमतीपत्र रोखायची मागणी करणार? सहकारी कारखान्याचे सभासद म्हणजे मतदारांचा गठ्ठाच. तिथं भल्याभल्यांची वाचा बसते.

गावांचंही सोडू नका. आपण शहराला आणि कारखान्यांना शिव्या देतो, आणि गावाची गटारं गुपचूप ओढ्यात सोडतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायत निधीतला 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. तुमच्या गावानं त्यातून सांडपाण्यासाठी काय केलं, हे आधी ग्रामसेवकाला विचारा. उमेदवाराला विचारताना मग आवाज जरा ठाम निघेल.

इचलकरंजीचं उदाहरण देतो. 2012 साली तिथं काविळीची मोठी साथ आली, माणसं दगावली. त्या शहराला चांगलं पाणी मिळालं पाहिजे यात दुमत नाही. दूधगंगेवरून आणायच्या सुळकूड योजनेला मात्र दूधगंगा खोऱ्यातल्या गावांचा कडवा विरोध आहे. त्यांचं म्हणणं, तुमच्याकडं पंचगंगा आहे, ती आधी साफ करा. दोन्ही बाजूंना मतं आहेत. या वादात दोन्हीकडच्या सभेत तेच वाक्य बोलणारा माणूस दिसला तर मला कळवा.

इथेनॉलवर लांबण लावत नाही. पेट्रोलमध्ये 20 टक्के मिश्रणाचं ध्येय केंद्राचं, खरेदी तेल कंपन्यांची, दर केंद्राचा. डिसेंबर 2023 मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉलवर निर्बंध घातले आणि पुढच्या हंगामासाठी ते उठवले, यात इथल्या आमदाराला कुणी विचारलं नाही. कारखान्यांना त्यातून रोकड लवकर मिळते, एफआरपी (उसाचा ठरवून दिलेला किमान दर) वेळेवर द्यायला मदत होते, हे खरं. पण आसवनी मोठी झाली की मळीही वाढते. मळी आटवून बॉयलरमध्ये जाळायची यंत्रणा असते, त्यातून वाफ आणि वीजही मिळते. ती यंत्रणा हंगामभर चालते का, हा एकच प्रश्न इथं पुरे. पत्रकात इथेनॉल आणि निर्मळ पंचगंगा शेजारीशेजारी छापलेत म्हणून ते आपोआप एकत्र नांदतील असं नाही.

आता विजेकडं येतो. मोफत वीज हे तुमच्या भागातलं सगळ्यांत मोठं मत आहे, म्हणून नीट समजून घ्या.

2024 साली राज्य सरकारनं साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली, मुदत मार्च 2029 पर्यंत. वीज फुकट म्हणजे बिल कुणीतरी दुसरं भरतंय. 2003 च्या वीज कायद्याचं कलम 65 सांगतं की सरकारला एखाद्या गटाला सवलत द्यायची असेल तर ती रक्कम सरकारनं वितरण कंपनीला आगाऊ द्यायची. दर ठरवतो राज्य विद्युत नियामक आयोग, आमदार नव्हे. म्हणून ‘कायम मोफत’ म्हणणाऱ्याला विचारा, अर्थसंकल्पात दरवर्षी ही रक्कम राहील याची हमी कशी देणार? आणि सरकारकडून पैसे उशिरा आले तर महावितरण डीपी बदलायला किती महिने लावेल, तेही विचारा. जळालेल्या डीपीखाली वाळणाऱ्या उसाला वीज फुकट आहे की विकत, याच्याशी काही देणंघेणं नसतं.

त्याहून मोठी गंमत आपल्या जिल्ह्याची आहे. इथं नदीपासून लांब, डोंगराच्या कडेला असलेली शेती मोठ्या प्रमाणावर सहकारी पाणीपुरवठा संस्थांवर भिजते. संस्थेचा पंप पाच-सात अश्वशक्तीचा नसतो. पाणी टप्प्याटप्प्यानं वर न्यायचं म्हणजे पन्नास, शंभर, त्याहून मोठ्या मोटरी लागतात. त्या साडेसातच्या मर्यादेत बसत नाहीत. नदीकाठी स्वतःची मोटर असलेल्या शेतकऱ्याला वीज मोफत, आणि वरच्या अंगाला अर्धा एकर असलेला सभासद मात्र पाणीपट्टीतून वीजबिल भरतोय. याच दरांसाठी प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या माणसानं इरिगेशन फेडरेशनच्या मंचावरून वर्षानुवर्षं लढा दिला. ‘शेतीला मोफत वीज’ लिहिणाऱ्या उमेदवाराला सहकारी संस्थांच्या उपशाबद्दल काय वाटतं? पत्रकात त्यावर अवाक्षर नाही. भोगावती काठाला असून नाही, याचं मला आश्चर्य वाटलं.

थोडं गणित सांगतो, कारण यावर भाषणात कुणी बोलत नाही. एका एकराला एकदा तीन इंच पाणी म्हणजे सुमारे तीन लाख लिटर. ते तीस मीटर उचलायचं आणि पंप-मोटरची मिळून कार्यक्षमता निम्मी धरली, तर साधारण पन्नास युनिट जातात. उसाच्या पंचवीस पाळ्या धरल्या तर एकरी साडेबाराशे युनिट. आता मोटर दोन-तीनदा जळून वाइंडिंग भरलेली असेल, फूटव्हॉल्व्ह गळत असेल, पाईप गरजेपेक्षा बारीक असेल आणि डीपीवरचा कपॅसिटर कधीच काढून ठेवलेला असेल, तर हाच आकडा सहज दीडपट होतो. मी पाहिलेल्या बहुतेक योजनांत पंप बदलून आणि पाईप सुधारून जे वाचलं असतं ते कुठल्याही सवलतीपेक्षा कमी नव्हतं. पण मोफत वीज आली की पंप बदलायचं कारणच उरत नाही. पाटानं पाणी सोडून झोपायचं. शिरोळ तालुक्यात क्षारपड झालेल्या जमिनी बघा, अतिपाण्याचा हिशेब तिथं मातीत दिसतो. मोफत वीज आणि पर्यावरण रक्षण एकाच पत्रकात घ्यायचं असेल तर मध्ये ठिबक, मीटर आणि पंपाची कार्यक्षमता हे शब्द यायला हवेत. मीटर हा शब्द उच्चारणारा शेतकऱ्यांच्या सभेत लोकप्रिय होत नाही, म्हणूनच तो ऐकायला मिळाला तर मी त्याच्याकडं वळून बघेन.

‘दिवसा वीज’ हे वचन मला ‘मोफत’पेक्षा जास्त मोलाचं वाटतं. रात्रपाळीच्या लाईटीला बॅटरी घेऊन पाणी पाजायला जाणाऱ्यांना विचारा. पश्चिमेकडच्या तालुक्यांत साप तर आहेतच, अंधारात बांधावर गवाही उभा असतो. दिवसा वीज द्यायचा खरा मार्ग म्हणजे शेतीचे फीडर सौरऊर्जेवर घेणं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ पॅनेल उभे करतात. जमीन भाड्यानं घेतली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, आणि ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरसाल पाच लाख. कल्पना चांगली आहे. अडतं ते जमिनीवर. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात. सांगली-सोलापूरच्या माळावर ते जमतं. आपल्याकडं पूर्वेला बागायत आणि पूर, पश्चिमेला वन आणि धो-धो पाऊस, उरलं गायरान, तर त्यावर आधीच घरं आणि वाद. तुमच्या तालुक्यात कुठल्या उपकेंद्राजवळ कुठल्या गटात जमीन देणार, हे ज्याला सांगता येईल त्यानं अभ्यास केलाय असं समजा.

एकट्या सौरपंपाचंही तसंच. साडेसात अश्वशक्तीपर्यंतचा पंप विहिरीला छान चालतो. नदीकाठच्या जॅकवेलला दर पावसाळ्यात मोटर वर ओढून घ्यावी लागते, तिथं पॅनेलचा सांगाडा पुरात उभा करणार का?

मोफत विजेच्या दुसऱ्या टोकाचा, म्हणजे भार सोसणारा, ग्राहक शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेच्या वसाहतींत बसलाय. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साडेपाचशे ते साडेसहाशे युनिट लागतात. युनिटमागं एक रुपया वाढला तर टनामागं सहाशे रुपये. शेती आणि घरगुती ग्राहकांच्या सवलतीचा काही भार उद्योगांच्या दरात बसतो, म्हणून फौंड्रीवाले अधूनमधून ‘कर्नाटकात जातो’ म्हणतात, आणि निपाणी काही लांब नाही. तुमच्या गावातली किती पोरं शिरोलीला कामाला जातात ते मोजा. उमेदवाराच्या पत्रकात उद्योगाच्या वीजदराचा उल्लेखच नाही. भट्टीनंतर उरणाऱ्या काळ्या वाळूचं काय करायचं याचाही नाही, आणि ती वाळू रस्त्याकडेला आणि ओढ्यात पडलेली तुम्ही पाहिली असेलच.

पश्चिम घाटाच्या मुद्द्यावर मात्र मी उमेदवाराला थोडी सूट देईन, पण आधी भीती आणि मजकूर वेगळे करतो. 2014 पासून केंद्राचे मसुद्यांवर मसुदे निघताहेत. 31 जुलै 2024 चा सहावा मसुदा सहा राज्यांतल्या सुमारे 56,825 चौरस किलोमीटरसाठी आहे. त्यात खाणी, दगडखाणी आणि वाळूउपसा यांवर बंदी, नवे औष्णिक प्रकल्प आणि लाल श्रेणीतले (जास्त प्रदूषण करणारे) नवे उद्योग नाहीत, वीस हजार चौरस मीटरच्या वरची बांधकामं नाहीत. शेती करायला बंदी नाही, जमिनीची मालकी बदलत नाही, घर दुरुस्तीला दिल्लीची परवानगी लागत नाही. तरी सभेत ‘गोठा बांधता येणार नाही’ असंच सांगितलं जातं.

लोकांची तक्रार अगदीच खोटी आहे असंही नाही. गाव हे एकक धरल्यामुळं जंगलालगतच्या पट्ट्याबरोबर खालची बागायतही रेघेत जाते. शिवाय एकदा रेघ पडली की प्रत्येक साहेब स्वतःचा अर्थ लावतो, आणि हेलपाटे माणसाला पडतात. ‘अमुक गाव या कारणासाठी वगळा, तमुक सडा नक्की ठेवा’ असं म्हणणारी भूमिका मी मान्य करेन. सरसकट विरोधाचा फायदा कुणाला, तर आधी खाणवाल्याला. राधानगरी-शाहूवाडीकडच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारांवर, बॉक्साइट आहे. त्याच सड्यांमध्ये पावसाचं पाणी मुरतं आणि उन्हाळ्यात खालच्या वाड्यांच्या झऱ्यांना येतं. राधानगरी अभयारण्य 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे, त्याची कमान लावून फोटो काढायला सगळे पुढं असतात.

आणि हाच उमेदवार पाटगावच्या पंप स्टोरेजला विरोध करतोय. वेदगंगेवरचं पाटगाव धरण वरचा जलाशय म्हणून वापरायचं आणि सह्याद्रीच्या पलीकडं, कोकणच्या अंगाला खालचा जलाशय करायचा, असा 2,100 मेगावॉटचा खासगी प्रस्ताव आहे. दिवसा सौरवीज भरपूर असते तेव्हा पाणी वर चढवायचं, संध्याकाळी मागणी वाढली की खाली सोडून वीज करायची. शंभर युनिट घातली तर पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. हा घाट्याचा सौदा वाटतो, पण सूर्य मावळल्यावर कुणीतरी वीज साठवलेली असावी लागते, नाहीतर कोळसा जाळायचा. म्हणजे दिवसा सौरवीज हवी म्हणणाऱ्यानं साठवणुकीला सरसकट ‘नको’ म्हणून चालत नाही, ‘इथं नको, तिथं हवं’ हे कारणासकट सांगावं लागतं. पाटगावच्या लोकांचे प्रश्न रास्त आहेत. पहिल्यांदा भरायला लागणारं पाणी कुणाच्या वाट्यातलं? बाष्पीभवनाची तूट कोण भरणार? टॉवरलाईनसाठी घाटातलं किती जंगल जाणार? मधाचं गाव म्हणून नाव कमावलेल्या पाटगावात फुलोरा असलेलं जंगल हेच लोकांचं भांडवल आहे.

इथं पत्रक स्वतःच्याच पायात अडकतं. त्याच पश्चिम घाट मसुद्यात जलविद्युत प्रकल्पांना परवानगी आहे, पण अटींवर. उन्हाळी प्रवाहाच्या किमान 30 टक्के पाणी नदीत अखंड वाहतं ठेवायचं ही त्यातली एक. डोंगरातल्या प्रकल्पाशी भांडायला हाताशी येणारं कायद्याचं हत्यार एका कलमात फेकून द्यायचं, आणि पुढच्या कलमात लढाईची घोषणा करायची. उमेदवारानं दोन्ही कलमं एकाच दिवशी लिहिली नसावीत.

आमदाराच्या हातात खरोखर काय असतं ते सांगतो, म्हणजे प्रश्न नेमका विचारता येईल. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्थसंकल्पावरचं भाषण, जिल्हा नियोजन समितीतला आवाज, आयोगाच्या वीजदर सुनावणीत लेखी हरकत (ही हरकत कुणीही सामान्य ग्राहक घेऊ शकतो, तरी फार थोडे घेतात), आणि अधिकाऱ्यावर वचक. उमेदवार आधी आमदार राहिलेला असेल तर त्यानं सभागृहात पंचगंगेवर किती प्रश्न विचारले ते विधिमंडळाच्या नोंदीत मिळतं. नगरसेवक होता असं म्हणत असेल, तर महापालिका कायद्याप्रमाणं आयुक्तांनी दरवर्षी 31 जुलैपर्यंत पर्यावरण स्थिती अहवाल सभागृहापुढं ठेवायचा असतो. त्यावर याने कधी तोंड उघडलं का, इतिवृत्तात सापडेल.

दुसरा कागद म्हणजे उमेदवारी अर्जासोबतचं, नमुना 26 मधलं प्रतिज्ञापत्र. लोक त्यात फक्त सोनं आणि गाड्या बघतात. मी शेअर्स, व्यवसाय आणि सरकारी कंत्राटांचे रकाने बघतो. आसवनीत, खडी क्रशरमध्ये, बांधकाम कंपनीत किंवा सोलर ठेकेदारीत याचा किंवा घरच्यांचा पैसा आहे का? असला म्हणजे गुन्हा नाही. आपल्या जिल्ह्यात साखरेशी संबंध नसलेला पुढारी शोधूनच काढावा लागेल. पण हितसंबंध कुठं आहे हे कळलं की पत्रकात कुठला शब्द गाळलाय ते पटकन दिसतं. सरकारी निवासस्थानाच्या वीज आणि पाण्याच्या थकबाकीचाही रकाना त्यातच असतो.

एकंदर माझं मत विचाराल तर सहातलं ‘दिवसा वीज’ हे वचन पाठपुरावा करण्याजोगं, पाटगावचा विरोध अर्धा विचार केलेला, पंचगंगेची दोन वर्षं ही थाप, आणि बाकी तीन गोष्टी त्याच्या हातातल्या नाहीत. मत कुणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

सोलरच्या कागदपत्रांचं उत्तर मात्र सरळ आहे: देऊ नका. पीएम सूर्यघर योजनेचा अर्ज ग्राहकानं स्वतः राष्ट्रीय पोर्टलवर करायचा असतो, त्याला कुणा कार्यकर्त्याची शिफारस लागत नाही. अनुदान एक किलोवॉटला 30 हजार, दोनला 60 हजार, तीन किलोवॉट आणि वर 78 हजार रुपये, आणि ते काम झाल्यावर थेट तुमच्या बँक खात्यात येतं. नोंदणीकृत ठेकेदार तुम्ही निवडायचा, दोन-तीन दरपत्रकं घ्यायची, पॅनेलची आणि इन्व्हर्टरची हमी लेखी मागायची. निवडून येणाऱ्याशी किंवा पडणाऱ्याशी याचा काही संबंध नाही. आधार आणि बँक पासबुकाची प्रत प्रचाराच्या गाडीत गेली की ती पुढं कुठं फिरेल सांगता येत नाही. आधी दिली असेल तर कार्यकर्त्याच्या घरी जाऊन परत मागा आणि तुमच्या ग्राहक क्रमांकावर कुणी अर्ज भरलाय का ते पोर्टलवर तपासा. आणि एक, गावाकडं वीजबिल अजून आजोबांच्या नावावर असतं. अर्जदाराचं नाव आणि बिलावरचं नाव जुळलं नाही तर अर्ज तिथंच अडतो. आधी महावितरणच्या उपविभागात जाऊन नावात बदल करून घ्या, वारसाचा दाखला आणि घरठाणाचा उतारा बरोबर न्या.